राबणाऱ्या बायकांची चित्रं पाहायला कसं शिकावं

आमच्या बैठकीच्या खोलीत मी एक चित्र लावलं होतं. कापणी झालेलं शेत, आणि त्यात वाकून काहीतरी वेचणाऱ्या तीन बायका. ज्याँ-फ्रान्स्वा मिले या फ्रेंच चित्रकाराचं १८५७ सालचं हे चित्र जगभर 'द ग्लीनर्स' या इंग्रजी नावानं ओळखलं जातं. माझ्याकडे होती ती छापील प्रत. आई राहायला आली होती. चहा पिता पिता ती चित्राकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "सरवा वेचतायत गं ह्या. पण मालकाचं माणूस कुठंय?"

मला प्रश्नच कळला नाही. मग आईनं सांगितलं. लहानपणी ती आणि तिची आत्या ज्वारीच्या रानात सरवा वेचायला जायच्या. पीक निघाल्यावर रानात सांडलेली, नजरेतून सुटलेली कणसं गोळा करायची. ज्याचं रान त्याला विचारूनच जायचं, आणि तरीही बांधावर कुणीतरी उभं असायचंच. पडलेलंच उचलतायत ना, हे बघायला.

दोन वर्षांनी मुलीकडे पॅरिसला गेले तेव्हा ऑर्से संग्रहालयात मूळ चित्रासमोर उभी राहिले. उजवीकडे, पार मागे, घोड्यावर बसलेला एक माणूस. शेतमालकाचा मुकादम. माझ्या घरच्या प्रतीत तो नव्हताच! फ्रेमच्या मापात बसावं म्हणून कुणीतरी चित्राची उजवी कड कापून टाकली होती.

आईला जे एका मिनिटात दिसलं ते मला एवढ्या वर्षांत दिसलं नव्हतं, कारण ती चित्रातलं काम बघत होती आणि मी चित्र बघत होते. तेव्हापासून मी अशी चित्रं ज्या क्रमानं बघते तो क्रम इथे लिहिते आहे. चित्रकलेचं शिक्षण मी घेतलेलं नाही, तुम्हालाही त्याची गरज पडणार नाही. फक्त घाई करू नका.

काय काय लागेल

- एक वही आणि शिसपेन्सिल. संग्रहालयात चित्रासमोर शाईचं पेन काढलंत तर पहारेकरी हटकतात, म्हणून पेन्सिलच न्या.
- शिवणकामाची टेप. घरी बसून चित्राचं खरं माप भिंतीवर आखायला.
- फोनपेक्षा मोठा पडदा. चित्रं संग्रहालयांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवरून किंवा गूगल आर्ट्स अँड कल्चरवरून उघडा.
- आयुष्यभर हातानं काम केलेली ओळखीची एक व्यक्ती. आई, आजी, घरी कामाला येणाऱ्या मावशी, गावाकडची काकू. यादीतली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट.
- प्रत्यक्ष जाणार असाल तर पासपोर्ट, शेंगेन व्हिसा आणि आधी काढलेलं तिकीट. ऑर्से सोमवारी बंद असतं, गुरुवारी रात्री उशिरापर्यंत उघडं असतं. गुरुवारची संध्याकाळ निवडा, गर्दी ओसरलेली असते. चित्रं कधी कधी दुसऱ्या शहरातल्या प्रदर्शनाला जातात, तेव्हा हवं ते चित्र जागेवर आहे का, हे निघण्यापूर्वी संकेतस्थळावर तपासा.

१. पाचच चित्रं निवडा

पहिल्या भेटीत मी दोन तासांत दालनांमागून दालनं पालथी घातली. रात्री वही उघडली तर लिहायला काही नव्हतं. म्हणून पाचावर थांबा. माझी पाच अशी:

- गुस्ताव्ह कूर्बे, 'गहू चाळणाऱ्या', १८५४. नाँत शहराच्या कला संग्रहालयात. १३१ × १६७ सें.मी.
- मिले, 'सरवा वेचणाऱ्या', १८५७. ऑर्से. साधारण ८४ × ११० सें.मी.
- ज्यूल ब्रतों, 'सरवा वेचणाऱ्यांना परत बोलावणं', १८५९. ऑर्से. ९० × १७६ सें.मी.
- ओनोरे दोमिए, 'धुणेवाली', १८६३ च्या सुमाराचं. ऑर्से. ४९ × ३३.५ सें.मी.
- एद्गार देगा, 'इस्त्रीवाल्या', १८८४ ते १८८६ च्या दरम्यानचं. ऑर्से. ७६ × ८१.५ सें.मी.

चार ऑर्सेमध्ये एका छपराखाली आहेत. नाँतला पॅरिसहून रेल्वेनं जाऊन त्याच दिवशी परत येता येतं, पण तिथलं संग्रहालय मंगळवारी बंद असतं. म्हणजे सोमवारी नाँत आणि मंगळवारपासून पुढे ऑर्से, असा बेत सोयीचा पडतो.

ही चित्रं ज्या वास्तववादाशी जोडली जातात तो म्हणजे काय, हे एवढंच लक्षात ठेवा: १८४८ मध्ये राजाला हटवणाऱ्या क्रांतीनंतर फ्रान्समधल्या काही चित्रकारांनी देवदेवता, राजे आणि रणांगणं बाजूला ठेवून आजूबाजूची माणसं जशी दिसतात तशी रंगवायला घेतली. कूर्बेनं १८५५ साली सरकारी प्रदर्शनाच्या जवळच स्वतःचा मंडप उभारला आणि त्याला 'वास्तववाद' असंच नाव दिलं. बाकीची व्याख्या चित्रांसमोर आपोआप कळत जाते.

इथला खड्डा: इंग्रजी नावांवर विसंबू नका. मिलेच्या चित्राचं मूळ नाव 'दे ग्लानोज' आहे. त्यातला 'दे' म्हणजे 'काही'. काही सरवा वेचणाऱ्या. इंग्रजीतल्या 'द'मुळे त्यांच्या जागी जणू साऱ्या जगाच्या सरवा वेचणाऱ्या येतात. नावात तरी मिलेनं त्या तिघींना कशाचं प्रतीक केलं नव्हतं. एका रानातल्या काही बायका, एवढंच.

२. आधी काम ओळखा

चित्रासमोर गेल्यावर पहिली दहा मिनिटं 'सुंदर', 'करुण', 'उदास' असे शब्द वहीत लिहायचे नाहीत. फक्त क्रियापदं लिहायची. ती काय करते आहे? कोणत्या हातानं? हातात काय आहे? याच्या आधी काय केलं असेल, आणि हे झाल्यावर काय करेल?

मराठी माणसाला इथे मोठा फायदा आहे. धान्याच्या कामाला आपल्याकडे किती शब्द आहेत बघा: निवडणं, चाळणं, पाखडणं, घोळणं, आसडणं, उफणणं. प्रत्येकात हाताची हालचाल वेगळी. हे शब्द घेऊन कूर्बेच्या 'गहू चाळणाऱ्या'समोर उभं राहा.

चित्राच्या मध्यभागी तांबड्या झग्यातली एक तरुणी गुडघ्यांवर बसली आहे, आपल्याकडे पाठ करून. दोन्ही हात लांब ताणून तिनं मोठी गोल चाळण धरली आहे आणि खाली पसरलेल्या पांढऱ्या कापडावर दाणे पडतायत. दुसरी बाई पोत्यांना टेकून बसली आहे, ताटलीतलं धान्य हातानं निवडते आहे. तिचा वेग मंद आहे, डोळे जड झालेत. उजवीकडे एक लहान मुलगा लाकडी पेटीचं झाकण उघडून आत डोकावतो आहे. ही पेटी म्हणजे उफणणीचं यंत्र. आत पंखा असतो, दांडा फिरवला की वाऱ्यानं कोंडा उडतो.

आता हे एकत्र मांडा. एकाच खोलीत एकच काम तीन तऱ्हांनी चाललं आहे. चाळून, निवडून, आणि यंत्रानं. यंत्र घरात येऊन पोचलंय, पण त्याच्यापाशी आहे तो खेळकर मुलगा. बायका अजून गुडघ्यांवर आहेत. कूर्बेला यातून नेमकं काय म्हणायचं होतं यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिलं आहे. पण खोलीत काय चाललंय हे कळल्याशिवाय त्या चर्चेत पडण्यात अर्थ नाही.

एक प्रयोग करा. घरी जमिनीवर कापड पसरा, गुडघ्यांवर बसा, किलोभर गहू चाळणीत घ्या आणि हात पूर्ण लांब ठेवून पाच मिनिटं चाळा. पाठ वाकवायची नाही. तिसऱ्या मिनिटाला खांद्यात आणि मानेत कुठे कळ येते ते लक्षात ठेवा, आणि मग त्या तरुणीची मान पुन्हा बघा. मी हे नाँतहून आल्यावर केलं. आधी केलं असतं तर बरं झालं असतं.

मिलेच्या तिघींचंही तसंच. निळं डोक्याला बांधलेली वाकून उचलते आहे. तिचा डावा हात पाठीवर मुडपलेला आहे आणि त्या मुठीत वेचलेली कणसं आहेत. लाल बांधलेलीचा हात जमिनीला पोचतो आहे. तिच्या कमरेच्या कापडाचा खोळ झाला आहे, आपल्याकडे पदराचा करतात तसा. तिसरी अर्धी उभी आहे, हातातली जुडी नीट लावते आहे किंवा पाठीला क्षणभर आराम देते आहे. शोधणं, वेचणं, सावरणं. एका बाईच्या दिवसभराच्या हालचाली मिलेनं तिघींत वाटून दिल्या आहेत. हा माणूस नॉर्मंडीतल्या ग्रूशी नावाच्या खेड्यातल्या शेतकरी कुटुंबात वाढला होता, आणि ते दिसतं.

३. पाठ आणि हात बघा, चेहरा शेवटी

सवयीनं आपली नजर चेहऱ्याकडे धावते. या चित्रांत चेहरे फारसं काही सांगत नाहीत. मिलेच्या वाकलेल्या दोघींचे चेहरे जवळजवळ सावलीत आहेत. दोमिएच्या धुणेवालीचा चेहरा दोनचार फटकाऱ्यांत संपतो. कूर्बेच्या तरुणीचा तर दिसतच नाही. म्हणून तळहातानं चित्राचा चेहऱ्याकडचा भाग झाका (पडद्यावर बघत असाल तर सोपं आहे) आणि उरलेलं शरीर वाचा.

दोमिएचं चित्र यासाठी सगळ्यात चांगलं. पॅरिसमध्ये सीन नदीच्या पात्रात धुण्याच्या होड्या बांधलेल्या असत, बायका तिथे पैसे भरून कपडे धूत आणि ओल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन दगडी पायऱ्या चढून वर येत. दोमिए बरीच वर्षं नदीतल्या सँ-लुई बेटावर राहत होता, हे त्याला रोज दिसत असणार. चित्रात बाईच्या एका हाताखाली गाठोडं आहे आणि दुसऱ्या हातात लहानग्या पोरीचा हात. पोरीच्या हातात कपडे धोपटायचं लाकडी फळकूट आहे. पायरी तिच्या पायाला उंच पडते. आई कमरेतून वाकली आहे ती पोरीसाठी, आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूच्या वजनानं ताणली गेली आहे. ओल्या कपड्यांचं वजन ज्यांनी उचललंय त्यांना त्या खांद्याबद्दल काही सांगावं लागत नाही. चित्र किती लहान आहे बघा, दोन फुटांपेक्षाही कमी उंचीचं. तरी बाई डोंगरासारखी दिसते, कारण मागे उजेड आहे आणि ती काळोखी.

देगाच्या इस्त्रीवाल्यांपैकी एक दोन्ही हातांनी इस्त्रीवर भार देऊन दाबते आहे. मान खाली, सगळं अंग मनगटांवर आलेलं. दुसरी तोंड उघडून जांभई देते आहे, एक हात डोक्याशी, दुसऱ्या हातात बाटलीची मान. एका चौकटीत जोर लावणं आणि जोर संपणं. देगानं हे जाड, रंगाआधीचा लेप न दिलेल्या कॅनव्हासवर केलं आहे. जवळ गेलात तर रंगाखालून कापडाचा पोत दिसतो, आणि खोलीतली वाफ, उष्मा त्या खरखरीतपणातून जाणवतो. पडद्यावर हे कधीच दिसणार नाही. (देगाची गणना इम्प्रेशनिस्टांत, म्हणजे क्षणाचा उजेड आणि रंग टिपणाऱ्या चित्रकारांत, होते खरी, पण त्याला स्वतःला तो शब्द आवडत नव्हता. तो स्वतःला वास्तववादी म्हणवत असे.)

इथला खड्डा: दया. 'बिचारी' हा शब्द मनात आला की थांबा. दया आली की आपण बघणं बंद करतो, असा माझा अनुभव आहे. जांभई देणारी बाई बिचारी नाही, ती दमलेली आहे. तिचं अंग त्या क्षणी तिच्या मालकीचं आहे, आणि आपण बघतोय याची तिला फिकीर नाही. मला तर पाचांतली ही सगळ्यात आवडती.

४. मागे कोण आहे?

आईचा प्रश्न. प्रत्येक चित्रात विचारा: या कामावर लक्ष कोणाचं आहे, आणि काम झाल्यावर माल कुणाकडे जाणार?

मिलेच्या चित्राच्या मागच्या भागात उन्हात न्हाऊन निघालेली सुगी आहे. गंजी, पेंढ्यांनी भरलेली गाडी, कापणी करणाऱ्यांची गर्दी, आणि तो घोडेस्वार. पुढच्या तिघींच्या वाट्याला आली आहेत मोजकी कणसं. वाकलेल्या दोघी क्षितिजाच्या खालीच राहतात, तिसरीचं डोकं तेवढं जेमतेम क्षितिजाला टेकतं. समृद्धी इवलीशी आणि लांब, गरिबी मोठी आणि जवळ. ही मांडणी १८५७ च्या सालोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या सरकारी प्रदर्शनात, अनेकांना खुपली. १८४८ चं बंड होऊन नऊच वर्षं झाली होती आणि काही समीक्षकांना या तीन बायकांच्या मागे तेच बंड दिसलं.

सरव्याला फ्रान्समध्ये कायदा होता, हेही माहीत असू द्या. तो गरिबांचा जुना हक्क होता, पण त्याला अटी होत्या. १८१० च्या दंडसंहितेनुसार पीक पूर्ण उचललं जाण्याआधी, किंवा सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर, सरवा वेचला तर दंड व्हायचा. हे कळलं की ब्रतोंचं चित्र एकदम उलगडतं. सूर्य मावळला आहे, आणि गावचा रखवालदार हद्दीच्या दगडाला टेकून तोंडाशी हात धरून ओरडतो आहे. तो बायकांना मायेनं घरी बोलावत नाहीये. वेळ संपली, आता बाहेर निघा, असं सांगतोय.

५. माप भिंतीवर आखा

फोनवर सगळी चित्रं सारख्याच आकाराची होतात. टेप घ्या, खडूनं भिंतीवर आयत आखा. 'गहू चाळणाऱ्या' पाच फुटांहून रुंद आहे. त्या काळात मोठे कॅनव्हास धर्म, इतिहास आणि पुराण यांच्यासाठी राखलेले असत, खेड्यातल्या रोजच्या प्रसंगांना लहान चौकट पुरे, असा रिवाज होता. मोठं माप म्हणजे मान. तो मान कूर्बेनं धान्य चाळणाऱ्या बाईला दिला. हे वाचून कळतं, पण भिंतीवर आखल्यावर पटतं.

६. दोन चित्रं शेजारी ठेवा

मिले आणि ब्रतों. दोन वर्षांचं अंतर, विषय तोच, आणि आता संग्रहालयही तेच. दोन कोरी पानं घ्या आणि दोन्हींबद्दल एकाच प्रश्नाचं उत्तर लिहा: या बायका उद्या पुन्हा येतील का?

ब्रतोंच्या बायका अनवाणी आहेत, कपडे फाटके आहेत, पण त्या ताठ चालतात. डोक्यावर, खांद्यावर भारे, मावळतीचा सोनेरी उजेड, मध्यभागी एखाद्या पुतळ्यासारखी उभी असलेली स्त्री. दृश्य देखणं आहे, आणि मला ते नकली वाटत नाही. ब्रतों उत्तर फ्रान्समधल्या कूरिएर या आपल्याच गावचं शेत रंगवत होता. पण काम संपलेलं आहे. श्रम झाल्यानंतरची शोभा त्यानं रंगवली, श्रम नाही. हे चित्र १८५९ च्या सालोंनंतर थेट सम्राट तिसऱ्या नेपोलियनकडे गेलं, सँ-क्लूच्या राजवाड्यात लागलं, आणि पुढे त्यानंच ते संग्रहालयाला दिलं.

मिलेचं? ते त्यानं तीन हजार फ्रँकला विकलं. १८८९ मध्ये लुईज पॉमेरी यांनी ते तीन लाख फ्रँकना घेतलं आणि १८९० मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर ते राष्ट्राला मिळालं. या बाई म्हणजे नवऱ्यामागे शँपेनचा प्रचंड कारखाना सांभाळणारी उद्योजक. मिले तोवर जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

राजवाड्यात कोणतं चित्र टांगता येतं आणि कोणतं येत नाही, यावरून दोन्ही चित्रांतला फरक पहिल्या झटक्यात कळतो. मिलेच्या 'मेंढपाळीण' या चित्राचं १८६४ मध्ये कौतुक झालं, पदकही मिळालं. तिथेही काम आहेच, पोर मेंढरं राखता राखता विणते आहे. पण ती उभी आहे, शांत आहे, आणि मागे कुणी घोडेस्वार नाही.

७. समोर कोण उभी होती, आणि कुंचला कुणाच्या हातात होता

चित्रकाराचं नाव भिंतीवरच्या पाटीवर असतं. चित्रातल्या बाईचं बहुधा नसतं. कूर्बेच्या चाळणवालीचं मात्र माहीत आहे: ती त्याची बहीण झोए. म्हणजे गुडघ्यांवर बसलेली ती 'शेतकरीण' खरं तर खात्यापित्या घरातली मुलगी, भावासाठी बसलेली. याचा अर्थ चित्र खोटं, असा काढू नका. चित्रकाराला अशा बायका जवळून कितपत माहीत होत्या, ही चौकशी प्रत्येक चित्राबाबत करायची, एवढाच याचा अर्थ.

दुसरी चौकशी माझ्या दृष्टीनं अधिक महत्त्वाची. वर दिलेली पाचही नावं पुरुषांची आहेत. पॅरिसच्या एकोल दे बोझार या सरकारी कलाशाळेत मुलींना १८९७ पर्यंत प्रवेश नव्हता. रोझा बोनरसारखी नामांकित चित्रकर्ती घोड्यांच्या बाजारात रेखाटनं करायला पँट घालून जायची, तर त्यासाठी तिला पोलिसांचा परवाना काढावा लागत होता. पँट घालून कामाच्या जागी जाऊन चित्र काढणं हेही बाईसाठी परवानगीचं काम होतं. म्हणून या दालनांत फिरताना कधी कधी मी वहीत रिकामी जागा सोडते, न काढल्या गेलेल्या चित्रांसाठी.

८. पेन्सिलनं काढा

येत नसलं तरी काढा. ते कुणाला दाखवायचं नाही. फक्त पाठीची रेघ काढायची, मानेपासून टाचेपर्यंत एक. मिलेच्या मधल्या बाईची पाठ काढताना मला कळलं की ती रेघ कमरेशी मोडत नाही, ती मोठ्या कमानीसारखी जाते आणि हाताच्या बोटांशी जमिनीला लागते. बाई आणि जमीन यांच्यात कुठे तुकडा पडतच नाही. दहा वेळा बघून हे दिसलं नव्हतं. एका चित्राला वीस मिनिटं द्या, बाकावर बसून. दमलात तर बाहेर जाऊन काहीतरी खाऊन या.

इथला खड्डा: फोन. फोटो काढायला हरकत नसते, फ्लॅश मात्र बंद. पण फोटो घेतला की मन म्हणतं, झालं. म्हणून आधी पेन्सिल, शेवटी फोटो, आणि फोटोत चौकटीच्या चारही कडा आल्या आहेत का ते तपासा. घरी लावायला प्रत घेणार असाल तरीही तेच. चित्राचं माप शोधा, लांबी-रुंदीचं प्रमाण काढा, आणि दुकानातली प्रत त्याच प्रमाणात आहे का बघा. मिलेच्या चित्रात उजवीकडचा घोडेस्वार दिसला नाही तर ती प्रत घेऊ नका.

९. मग आपल्याकडच्या चित्रांकडे या

हीच पद्धत रावबहादूर म. वि. धुरंधरांच्या चित्रांना लावून बघा. कोल्हापुरात जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले आणि पुढे तिथेच शिकवणारे धुरंधर रस्त्यावरची माणसं फार बारकाईनं टिपत. १९२० साली भारतातल्या स्त्रियांवर निघालेल्या एका इंग्रजी पुस्तकासाठी त्यांनी वेगवेगळ्या प्रांतांतल्या, जातींच्या आणि व्यवसायांच्या बायका जलरंगात रंगवल्या. त्यांचं काम प्रत्यक्ष बघायला सातारा जिल्ह्यातल्या औंधचं श्री भवानी संग्रहालय गाठा. एसटीनं जाता येतं, व्हिसा लागत नाही.

तिथे गेल्यावर क्रम तोच ठेवा. क्रियापदं, पाठ, हात, मागे कोण, माप. एक जादा प्रश्न: ही बाई काम करते आहे, की आपल्या कामाचा पोशाख घालून उभी आहे? इंग्रज वाचकासाठी केलेल्या चित्रांत अमक्या जातीची बाई कशी दिसते, हे दाखवायचं असे. हातात टोपली असते, पण टोपलीचं वजन असतं का? लुगड्याचा काष्टा कामासाठी खोचलेला आहे की चित्रासाठी? उत्तर प्रत्येक चित्रात वेगळं येतं. धुरंधरांचा हात इतका सराईत आहे की कधी कधी ठरावीक पोझमध्येही खरी बाई निसटून आत येते, तिचा एक पाय थोडा पुढे असतो, निघायच्या घाईत असल्यासारखा.

घरी मी आता मिलेची पूर्ण प्रत लावली आहे. यंदा दिवाळीला आई आली तेव्हा तिला काही न सांगता चित्रासमोर खुर्ची ठेवली. तिनं चष्मा पुसला, घोडेस्वारावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हां. आता बरोबर." मग बोट डावीकडच्या बाईच्या पाठीवरच्या मुठीवर नेलं. "हिची मूठ भरत आली बघ. आता ही ते खाली ठेवून परत रिकाम्या हातानं लागेल."